अंदमान : आधी विमान, मग बोट

पहिल्यांदाच अंदमानला जाताय, तर जहाजाचा विचार सोडाच. चेन्नई किंवा कोलकात्याहून निघालेलं जहाज पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) पोचायला तीन-चार दिवस घेतं, सुट्टी त्यातच संपते. विमानानेच जा.

खरी अडचण पुढच्या टप्प्यात येते. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटावर, म्हणजे स्वराज द्वीपला, खासगी बोट साधारण दीड तासात नेते, सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास. सरकारी स्वस्त, पण तिकीट मिळेलच असं नाही. डिसेंबरच्या गर्दीत आधी बोटीची तिकिटं बघा आणि मगच हॉटेल ठरवा. विमान दुपारी उतरणार असेल तर त्याच दिवशीची बोट घेऊ नका. विमानाला उशीर झाला की ती गेलीच.

वेगवान बोटी बंद, वातानुकूलित असतात. समुद्र खवळला की पोटात ढवळतं. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची जागा घ्या. उलटीची गोळी अर्धा-एक तास आधी, डॉक्टरांना विचारूनच. ओळखपत्र मूळचंच हातात ठेवा, सामानात नको.

आणि परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, विमान थांबत नाही. हाती वेळ उरला तर सेल्युलर जेल निवांत बघा.