एनआयआरला सॅम्पल लावण्याआधी हे बघ

तू लिहिलंयस की सोयापेंडीचं प्रोटीन एकाच सॅम्पलला दर वेळी वेगळं येतंय, तर एनआयआर मशीनवर (निअर-इन्फ्रारेड प्रकाश टाकून प्रोटीन, ओलावा मोजणारं यंत्र) शंका घेण्याआधी ग्राइंडिंग बघ. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा घोळ तिथेच असतो. एनआयआरमध्ये प्रकाश कणांवरून विखुरतो, त्यामुळे भरड आणि बारीक पावडरचा स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला त्याचा आलेख) वेगळा येतो, माल तोच असला तरी. म्हणून कॅलिब्रेशन (स्पेक्ट्रमवरून प्रोटीनचा आकडा काढायचं गणित) ज्या मिलवर नि ज्या जाळीवर (बहुतेक ठिकाणी १ मिमी) बनलंय तीच वापर, आणि जाळी झिजली की लगेच बदल, त्यात काटकसर नको.

दुसरं म्हणजे ओलावा. पाण्याचे प्रकाश शोषणारे पट्टे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास इतके जोरदार असतात की बाकी सगळं झाकोळतं, आणि मिल गरम झाली की दळतादळताच पाणी उडतं, मग सॅम्पल थोडं थोडं टाक, मधे मिल थंड होऊ दे, दळलेलं लगेच हवाबंद डब्यात भर आणि रूम टेम्परेचरला आल्यावरच स्कॅन कर. फ्रीजमधून काढून थेट लावलेलं सॅम्पल मी तर रद्दच करते.

कप भरताना दाब दर वेळी सारखा ठेव, काच पुसून घे. एकच सॅम्पल दोन-तीनदा ओतून, परत भरून स्कॅन कर, आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नकोस.

आणि हो, केल्डालला (प्रोटीन मोजायची लॅबमधली रासायनिक चाचणी, एनआयआरचा आकडा हिच्याशीच ताडतात) पाठवायचा भाग त्याच दळलेल्या, नीट मिसळलेल्या डब्यातून काढ, पोत्यातून नवीन मूठ नको!