वाचकांचे प्रश्न : गाडीतली बॅटरी आणि घरातली उपकरणे

प्रश्न : आम्ही पती-पत्नी कोथरूडला राहतो आणि नुकतेच निवृत्त झालो आहोत. एक जुनी प्रवासी व्हॅन घेऊन तिच्यात झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली आहे. दिवाळीनंतर दापोली-गुहागरच्या बाजूला आठ-दहा दिवस राहण्याचा विचार आहे. घरी ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी पडून आहे, कारण सोसायटीत आता जनरेटर आला आहे. ही जोडी उचलून गाडीत बसवली, तर मिक्सर, इंडक्शन शेगडी, लहान फ्रिज आणि पंखा चालेल का? तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने 'सगळे आरामात चालेल' असे सांगितले, पण मन तयार होत नाही.

उत्तर : आपले मन तयार होत नाही ते योग्यच आहे. या प्रश्नात तीन वेगवेगळे प्रश्न मिसळलेले आहेत आणि दुकानात बहुधा त्यांतल्या एकाचेच उत्तर मिळते. इन्व्हर्टर ते उपकरण ओढू शकेल का, हा पहिला. बॅटरीतली वीज किती वेळ पुरेल, हा दुसरा. आणि या दोघांमधल्या तारा व जोड तो प्रवाह न तापता वाहून नेतील का, हा तिसरा. गाडीत अपघात होतात ते बहुतेक या तिसऱ्यामुळे, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. ९०० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरमधून प्रत्यक्षात सुमारे सातशे वॅट मिळतात. पंखा, दिवे, मोबाइल आणि लॅपटॉप यांना ते भरपूर आहेत. ७५० वॅटचा मिक्सर सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे इन्व्हर्टर 'ओव्हरलोड' दाखवून बंद पडण्याची शक्यता मोठी आहे. दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी त्यावर चालणारच नाही. शिवाय आपला इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल, तर फ्रिजचा कॉम्प्रेसर त्यावर घरघरतो व जास्त तापतो. प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, इन्व्हर्टर घेणे ही इथे चैन नव्हे.

आता पुरवठ्याचा हिशेब. १५० अँपिअर-तास गुणिले १२ व्होल्ट म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १.८ युनिट. मात्र हा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर मिळणारा आहे. शंभर अँपिअरने ओढली, तर तीच बॅटरी बरेच कमी देते. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यातून इन्व्हर्टरमधली दहा-पंधरा टक्के घट वजा केली, तर हाती येते ती जेमतेम पाऊण युनिट. उलट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १२.८ व्होल्टने १२८० वॅट-तास असतात, त्यातले नव्वद टक्के बिनदिक्कत वापरता येतात आणि वजन आपल्या ट्युब्युलर बॅटरीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असते. आपली बॅटरी घरी ठेवण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. ती उभी, पातळ आम्लाची बॅटरी आहे. ताम्हिणी घाटाच्या वळणांवर तिच्यातले आम्ल हेलकावे खाईल, आणि ती चार्ज होताना जो पेट घेणारा हायड्रोजन वायू बाहेर पडतो तो आपण जिथे झोपणार आहात त्याच बंद जागेत साठेल. झोपण्याच्या जागेत ही बॅटरी ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

फ्रिजबद्दल एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावले नाही, तरी तो स्वतःसाठी वीस वॅट सहज घेतो. चोवीस तासांत ते ४८० वॅट-तास झाले. गाडीसाठी मिळणारा चाळीस-पन्नास लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बॅटरीवर थेट चालतो. त्याचा कॉम्प्रेसर साधारण पन्नास वॅट घेतो आणि कोकणातल्या उकाड्यात दिवसाचा चाळीस टक्के वेळ चालतो असे धरले, तर त्यालाही दिवसाला ४८० वॅट-तासच लागतात. म्हणजे घरचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवताना, दुसऱ्या एका फ्रिजला पुरेल एवढी वीज इन्व्हर्टर जागा राहण्यातच जाते. म्हणून फ्रिज, पंखा आणि दिवे १२ व्होल्टचेच घ्यावेत आणि इन्व्हर्टर फक्त गरजेपुरता सुरू करावा. पंख्याचे १२०, दिव्यांचे ५०, मोबाइल आणि लॅपटॉपचे ८० असे धरून दिवसाचा खर्च पाऊण युनिटाच्या आत राहतो, आणि वर सांगितलेली लिथियम बॅटरी तो दीड दिवस पेलते.

मिक्सरची चिंता करू नये. खोबऱ्याची चटणी आणि वाटण मिळून चार मिनिटे लागली, तर ७५० वॅटचा मिक्सर पन्नास वॅट-तास खातो. त्याला जोर मोठा लागतो, वीज थोडी लागते. दीड हजार वॅटचा चांगला इन्व्हर्टर त्यासाठी पुरेसा आहे. इंडक्शनचे याच्या उलट आहे. वीस मिनिटे दीड हजार वॅट म्हणजे अर्धा युनिट, घट धरून त्याहून जास्त, आणि तेही एका वेळच्या भाजीसाठी. सकाळचा चहा, दोन्ही वेळचा स्वयंपाक आणि आंघोळीचे पाणी विजेवर करायचे ठरवले, तर बॅटरी एका दिवसाचीही सोबत करणार नाही. स्वयंपाक लहान गॅस सिलिंडरवर, खिडकी उघडी ठेवून करावा, असे माझे मत आहे.

आता तारांकडे येतो. घरात दीड हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेते. तीच शेगडी इन्व्हर्टरवर लावली, की बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या तारेतून सुमारे १३० अँपिअर वाहतात, म्हणजे वीसपट. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच तारेत ती चारशेपट होते. बॅटरी दोन मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन चार मीटर तार लागते. ती घरात वापरतात तशी ६ चौरस मिलीमीटरची असली, तर दीड व्होल्ट वाटेतच हरवतो आणि तार स्वतः दोनशे वॅटची शेगडी बनते. ५० चौरस मिलीमीटरची घेतली, तर घट पाव व्होल्टाच्याही आत राहते. इन्व्हर्टर बॅटरीच्या जितका जवळ, तितके चांगले.

मागच्या हिवाळ्यात मुळशीच्या बाजूला एका परिचितांच्या गाडीत हे मी डोळ्यांनी पाहिले. बॅटरी नवी होती, सकाळी १२.७ व्होल्ट दाखवत होती, तरी किटली लावली की मिनिटभरात इन्व्हर्टर 'लो बॅटरी'चा आवाज करून बंद पडे. त्यांनी बॅटरी बदलण्याचे ठरवले होते. किटली चालू असताना मी मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या खांबावर आणि दुसरे लगच्या (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) पलीकडे तारेच्या तांब्यावर टेकवले, तर तिथे एक इंच अंतरात ०.६ व्होल्ट दिसले. ११० अँपिअरने गुणले, तर साठ वॅटच्या वर उष्णता एका बोटभर जागेत तयार होत होती. लगजवळचे लाल आवरण बोटभर लांबीपर्यंत तपकिरी आणि कडक झाले होते. ज्याने काम केले होते, त्याने लग क्रिम्पिंगच्या (दाबून घट्ट बसवण्याच्या) यंत्राऐवजी हातोडीने ठोकून बसवला होता. नवा लग हायड्रॉलिक यंत्राने दाबून घेतला, बॅटरीचा नट घट्ट केला, आणि त्याच बॅटरीवर किटली उकळेपर्यंत चालली. आपण कोणाकडूनही काम करून घ्या, पण तो लग कशाने दाबतो हे उभे राहून पाहा.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात तारेला साजेसा डीसी (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहासाठीचा) फ्यूज हवाच. एवढ्या मोठ्या इन्व्हर्टरला तो साधारण २०० अँपिअरचा असतो. घरच्या पेटीतला एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) त्या जागी लावू नये. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथे ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येत नाही आणि ठिणगी जळत राहते.

चार्जिंगसाठी गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) लिथियम बॅटरीला थेट जोडू नका. रिकामी लिथियम बॅटरी इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे प्रवाह मर्यादेत ठेवणारा ३० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर बसवला, तर पुण्याहून दापोलीला जाण्याच्या चार-पाच तासांत १०० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरते. एका जागी मुक्काम असेल, तर टपावरचे ४०० वॅटचे सौर पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या आसपास देते. पावसाळ्यात त्यावर विसंबू नये.

प्रश्न : वडिलांना झोपेत सी-पॅप यंत्र (श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे) लागते. त्यांना गाडीतून पवना धरणाच्या काठी एक रात्र नेता येईल का?

उत्तर : नेता येईल. यंत्राला साधारण ३० ते ६० वॅट लागतात. पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर चालू असेल तर हा आकडा वाढतो. शक्य तर त्याच कंपनीचा डीसी अ‍ॅडॉप्टर घ्या, नसल्यास प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर वापरा. निघण्याआधी एक पूर्ण रात्र घराखाली उभ्या गाडीत यंत्र चालवून सकाळी बॅटरीत किती शिल्लक राहते ते पाहा, आणि ह्युमिडिफायर बंद ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आमच्याकडे धायरीला गुरुवारी वीज गेली, की पार्किंगमधल्या गाडीतला इन्व्हर्टर दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने घरातल्या सॉकेटला जोडून घर चालवावे, असे शेजारी सुचवतात. योग्य आहे का?

उत्तर : कृपया हे कधीही करू नका. अशी वायर एका बाजूने निसटली, की तिच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. मेन स्विच बंद करायला विसरलात, तर आपली वीज उलटी रस्त्यावरच्या तारांत जाते, आणि वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातापर्यंत ती पोहोचू शकते. पुरवठा अचानक परत आला, तर इन्व्हर्टर त्याच क्षणी जळतो. फ्रिज चालवायचाच असेल, तर गाडीतल्या इन्व्हर्टरपासून एक जाड, अर्थिंग असलेली एक्स्टेंशन वायर थेट फ्रिजपर्यंत आणा आणि फ्रिजची पिन भिंतीतून काढून तिच्यातच लावा.