चेहरा ओळखताना, चेहरा मोजताना

या महिन्याच्या टपालात चेहऱ्याविषयीची पत्रं इतकी आली की हे पान त्यांनाच द्यायचं ठरवलं. काही पत्रं थोडक्यात घेतली आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : प्रवेशपरीक्षांना पर्यवेक्षक म्हणून नेमणूक होते. हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचा उमेदवार एकच आहे का, हे ठरवताना धास्ती वाटते. ओळखीचं माणूस तर गर्दीत अर्ध्या नजरेत ओळखू येतं. मग इथंच अडचण का? — एक प्राध्यापक, लातूर

धास्ती वाटते ते योग्यच आहे. हे काम दिसतं त्याहून बरंच अवघड आहे. ओळखीचा माणूस आपण ऊन-सावलीत, हसताना, आजारपणात, दाढी वाढलेली असताना, असा कितीतरी वेळा पाहिलेला असतो. त्यामुळे वरवरचं काही बदललं तरी त्याचा तोंडवळा हरवत नाही. अनोळखी उमेदवाराचा मात्र एकच फोटो हाती असतो, आणि नजर केस, उजेड, चेहऱ्याची कड यांवरच जाऊन बसते. नेमक्या याच गोष्टी सहा महिन्यांत बदलतात. पोरगा दाढी ठेवतो, तिरुपतीला केस देऊन येतो, पोरगी चष्मा लावायला लागते.

हा फरक किती मोठा आहे ते २०११ च्या एका ब्रिटिश प्रयोगात दिसलं. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी २० असे ४० फोटो लोकांना दिले आणि माणसागणिक वेगळे गठ्ठे करायला सांगितले. त्या दोघींना न ओळखणाऱ्यांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले. ओळखणाऱ्यांनी बहुतेक दोनच केले. अनुभवानंही हे आपोआप सुधारत नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी झाली, तेव्हा समोर दुसराच माणूस असताना फोटो त्याचाच आहे असं त्यांनी सुमारे १४ टक्के वेळा मान्य केलं. नोकरीची वर्षं आणि अचूकता यांचा संबंध आढळला नाही.

मग करायचं काय? मास्क, चष्मा, ओढणी, टोपी काढायला सांगा, कान मोकळे दिसू द्या. फोटोत मान जशी आहे तशीच ठेवायला सांगा आणि हॉल तिकीट चेहऱ्याशेजारी, त्याच उंचीवर धरा. केस आणि दाढी पूर्ण वगळा. आधी कान बघा : पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, वरची कड कशी वळते. मग तीळ, व्रण, नाकाचं बूड, वरच्या ओठावरची खाच. एकूण चेहरा ‘तसाच वाटतो’ यापेक्षा असं एकेक अवयव घेऊन जुळवणं अनोळखी चेहऱ्यासाठी जास्त भरवशाचं आहे. शंका राहिली तर सहकाऱ्याला बोलवा, पण तुमचं मत आधी सांगू नका. त्यांनी स्वतंत्रपणे बघितलं तरच दुसऱ्या नजरेचा उपयोग होतो. आणि एक धोका ध्यानात असू द्या. तोतया क्वचितच येतो, म्हणून ओळीनं शंभर खरे उमेदवार पाहिल्यावर नजर सगळ्यांनाच ‘बरोबर’ म्हणू लागते. मधे थांबा, किंवा माणूस बदला.

प्रश्न : अर्जासाठी मोबाइलवर स्वतःच फोटो काढला. नाक भलतंच मोठं आलं. कॅमेरा खराब आहे का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

कॅमेरा ठीक आहे, अंतर चुकलंय. नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ वर पडतात, म्हणजे कानांच्या मानानं नाक १.४ पट मोठं उमटतं. तोच मोबाइल दीड मीटरवर नेला की हे प्रमाण १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८ होतं. दोन्हींतला फरक सुमारे ३० टक्के! तेव्हा कुणाला तरी दीड-दोन मीटर लांब उभं करा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि तिथून झूम करा. चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर बंद ठेवा, कारण वरच्या उत्तरातले तीळ आणि व्रण तोच पुसून टाकतो.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला ‘आपण चेहरा कसा बघतो’ हे दाखवायचं आहे. साहित्य म्हणून कात्री, गोंद आणि झेरॉक्सचं दुकान एवढंच आहे. — शिक्षिका, अंबाजोगाई

एवढं पुरेसं आहे. समोरून काढलेला, दात दिसतील असा हसरा फोटो घ्या (ज्यांचा असेल त्यांना विचारून). वहीच्या पानाएवढ्या दोन प्रती काढा. एका प्रतीतून दोन्ही डोळे वेगवेगळे आणि तोंड असे तीन आयत कापा, प्रत्येक आयत जागच्या जागी उलटा करून चिकटवा. कडा दिसू नयेत म्हणून त्या पानाची पुन्हा झेरॉक्स घ्या. आता दोन्ही चित्रं खाली डोकं वर हनुवटी अशी फळ्यावर लावा आणि काय फरक आहे ते मुलांना विचारा. बऱ्याच जणांना दोन्ही हसरे चेहरेच वाटतील. मग चित्रं हळूहळू फिरवा. साधारण काटकोनाच्या आसपास बिघडवलेला चेहरा एकदम भेसूर दिसू लागतो. हे चित्र ब्रिटनमधल्या पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोवरून केलं, म्हणून ते थॅचर यांच्या नावानं ओळखलं जातं.

कारण असं की सरळ चेहरा आपण अवयवांच्या आपसातल्या अंतरांसकट एकसंध वाचतो. उलटा केला की ते वाचन मोडतं आणि डोळे, तोंड सुटेसुटे दिसतात. सुटं तोंड तर हसतंच आहे. वस्तूंचं असं फारसं होत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवलं की उलटी घरं, उलटी विमानं ओळखतानाही चुका वाढतात, पण चेहऱ्यांच्या चुका कितीतरी जास्त वाढतात. म्हणून जोडीला घराचं एक चित्र सरळ-उलटं दाखवाच. त्याशिवाय प्रयोग अर्धाच राहतो.

प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. ओठ मिटलेले असतील तर उलट्या तोंडाचा परिणाम दिसत नाही. आणि मुलांनी सरळ चित्र आधी पाहिलं तर सगळी गंमत जाते.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. रोजचं गिऱ्हाईक दुकानाबाहेर भेटलं तर ओळखू येत नाही. लग्नात मेहुणी समोर उभी होती, बोलेपर्यंत कळलं नाही. लोक गर्विष्ठ म्हणतात. डोळे तपासले, चांगले आहेत. लहानपणापासून असंच आहे. — एक वाचक, परभणी

तुम्ही सांगता ती लक्षणं चेहरा-अंधत्वाशी जुळतात. वैद्यकात याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. हे नाव जर्मन डॉक्टर बोडामर यांनी १९४७ मध्ये दिलं. जन्मजात प्रकार शंभरांत सुमारे दोघांना असावा असा अंदाज आहे. मेंदूच्या खालच्या बाजूला, विशेषतः उजवीकडे, चेहऱ्यांना खास प्रतिसाद देणारा एक भाग आहे. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो एमआरआयवर दाखवला. डोळे चांगले, स्मरण चांगलं, तरी चेहऱ्याची ओळख पटत नाही, असं म्हणूनच होऊ शकतं. यात गर्वाचा काही संबंध नाही, आणि हे घरच्यांना, नेहमीच्या गिऱ्हाइकांना मोकळेपणानं सांगणं हाच सगळ्यांत उपयोगी उपाय आहे. चाल, आवाज, उभं राहायची ढब यांवर मुद्दाम लक्ष द्या. लग्नकार्यात ओळखी सांगणारं माणूस सोबत ठेवा.

हेच कुणाला पन्नाशीत अचानक सुरू झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. त्याच तासाला दवाखाना गाठा.

प्रश्न : नवा चष्मा, नंबर तोच, तरी डोकं धरतं. दुकानदार ‘सवय होईल’ म्हणतो. — एक वाचक, जालना. (असंच पत्र धाराशिवहूनही आलं आहे.)

सवयीची वाट बघण्याआधी दोन बाहुल्यांमधलं अंतर तपासून घ्या. दुकानात त्याला पीडी म्हणतात. मोठ्या माणसांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर काच प्रतिमा बाजूला ढकलते. किती, ते सोप्या गुणाकारानं कळतं : सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये गुणिले नंबर. उणे ६ नंबर आणि ५ मिलिमीटरची चूक म्हणजे ०.५ × ६ = ३ प्रिझम (प्रतिमा सरकण्याचं एकक). एवढं ओढून घ्यायला डोळ्यांच्या स्नायूंना दिवसभर राबावं लागतं. नंबर १ असेल तर तीच चूक अर्ध्या प्रिझमची, ती कळतही नाही. म्हणूनच त्याच दुकानाचा चष्मा एकाला बरा लागतो आणि दुसऱ्याला नाही. एक काच वर, एक खाली बसली तर त्रास आणखी जास्त, कारण वरखाली फरक डोळे फारच थोडा सहन करतात.

घरी मोजायचं तर मोजणाऱ्यानं समोर ४० सेंटिमीटरवर, डोळे सारख्या उंचीवर येतील असं बसावं. मिलिमीटरची पट्टी नाकाच्या पुलावर टेकवावी. मोजणाऱ्यानं स्वतःचा उजवा डोळा मिटावा, तुम्ही त्यांच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघावं. आता शून्याची रेघ तुमच्या उजव्या बुबुळाच्या बाहेरच्या कडेशी जुळवायची. मग पट्टी न हलवता त्यांनी डावा मिटून उजवा उघडावा, तुम्ही त्या डोळ्याकडे बघावं, आणि तुमच्या डाव्या बुबुळाची नाकाकडची कड जिथं येते तो आकडा वाचावा. आपल्याकडे बुबुळं गडद असल्यानं बाहुलीची कड नीट दिसत नाही, म्हणून बुबुळाच्या कडा धरायच्या. तीनदा मोजा.

नेहमीची चूक अशी, की मोजणारा दोन्ही डोळे उघडे ठेवतो आणि तुम्ही त्याच्या नाकाकडे बघता. मग डोळे आत वळतात आणि आकडा ३-४ मिलिमीटर कमी येतो. तो वाचनाच्या चष्म्याचा आकडा झाला. शिवाय नाकाच्या मध्यापासून दोन्ही बाजू सारख्या नसतात. एकीकडे ३१, दुसरीकडे ३३ असं सर्रास असतं. नंबर मोठा असेल किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल तर दोन्ही आकडे वेगळे घ्यायला लावा. दुकानात लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) काचेच्या मध्यांवर ठिपके देऊन मिळतात. ठिपक्यांमधलं अंतर तुमच्या आकड्याशी ताडून बघा.

प्रश्न : प्रकल्पासाठी चेहऱ्याचा निर्देशांक काढते आहे. एकाच मैत्रिणीचा चेहरा एकदा ‘लांबट’ निघाला, एकदा ‘मध्यम’. कुठं चुकतंय? वेरूळच्या मूर्तींची मापं जिवंत माणसाशी ताडता येतील का? — एम. ए.ची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

चूक बहुधा नाकाच्या मुळाशी आहे. निर्देशांक म्हणजे चेहऱ्याची उंची भागिले गालांच्या कमानींमधली रुंदी, गुणिले १००. उंचीचा वरचा बिंदू कपाळाचं आणि नाकाचं हाड जिथं जुळतं तिथं असतो. नाकावरचा सगळ्यांत खोल खड्डा त्याच्या किंचित खाली येतो, आणि शिकाऊ हात हमखास त्या खड्ड्यात जातो. समजा उंची ११८, रुंदी १३२ मिलिमीटर, तर निर्देशांक ८९.४. ८८ ते ९२.९ हा लांबट वर्ग, म्हणून चेहरा लांबट. तोच वरचा बिंदू २ मिलिमीटर खाली धरला तर ११६ भागिले १३२, म्हणजे ८७.९, आणि चेहरा ८४ ते ८७.९ च्या मध्यम वर्गात गेला. मैत्रीण तीच आहे, तुमचं बोट सरकलं.

मोजणीची रीत अशी. मैत्रिणीला पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसवा. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत आणा. ही पातळी १८८४ मध्ये फ्रँकफर्ट इथं ठरली, आजही तीच वापरतात. दातावर दात टेकलेले हवेत. तोंड जरा उघडं राहिलं की उंची फुगते. बिंदू बोटानं चाचपून आयलायनरनं खूण करा. उंचीला सरकता कॅलिपर, रुंदीला वाकड्या पायांचा. रुंदी पुढच्या गालावर मोजू नका. कॅलिपरची टोकं कानाच्या पुढच्या हाडाच्या कमानीवर मागंपुढं सरकवत जा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. दाब सारखा ठेवा, कातडी दबता कामा नये.

मग २० जणांची मापं दुसऱ्या दिवशी, पहिले आकडे न बघता पुन्हा घ्या. प्रत्येकाच्या दोन मापांतल्या फरकाचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज ४० नं भागा, वर्गमूळ काढा. ही तुमच्या हाताची चूक. ती प्रकल्पात छापा. वर्गांच्या नावांपेक्षा हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

मापावरून जात किंवा स्वभाव ठरवण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ मध्ये नाकाच्या निर्देशांकावरून जातींची उतरंड लावली. ती टिकली नाही. एका मापानं गट ठरत नाहीत. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी अनेक मापं एकत्र धरून दोन गटांमधलं अंतर काढायची रीत दिली, ती आज जगभर वापरतात. आपल्याकडे इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांचं महाराष्ट्रातल्या मापांवरचं काम १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजनं प्रसिद्ध केलं. ते ग्रंथालयातून मागवा.

मूर्तींबद्दल : शिल्पशास्त्रात चेहरा हेच माप आहे. चेहऱ्याची लांबी १२ अंगुळं, म्हणजे एक ताल. नवताल, म्हणजे नऊ तालांची, मूर्ती १०८ अंगुळांची. चेहऱ्याचेही चार-चार अंगुळांचे तीन सारखे भाग धरतात : केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत, तिथून नाकाच्या बुडापर्यंत, तिथून हनुवटीपर्यंत. जिवंत चेहऱ्यावर हे तीन भाग क्वचितच सारखे निघतात. तेव्हा ताडून जरूर बघा, पण मूर्ती हा कारागिराचा नियम आहे हे प्रकल्पात आधी लिहा. वराहमिहिरानंही बृहत्संहितेत १२ अंगुळं सांगून, द्राविड मापात चेहरा १४ अंगुळं लांब असतो हे नग्नजित या जुन्या आचार्याचं मत शेजारीच नोंदवलं आहे.

प्रश्न : दीड महिन्याच्या बाळाच्या डोळ्यात पांढरं दिसतं. घरचे म्हणतात, मोठं झाल्यावर ऑपरेशन करू. आईला काय सांगू? — आशा कार्यकर्ती, हिंगोली जिल्हा

उद्याच न्या, असं सांगा. दाट जन्मजात मोतीबिंदू एका डोळ्यात असेल तर ऑपरेशन साधारण सहा आठवड्यांपर्यंत, दोन्हींत असेल तर आठ-दहा आठवड्यांपर्यंत होणं चांगलं. पहिल्या महिन्यांत मेंदूला स्पष्ट चित्र मिळालं नाही तर नजर कायमची मंद राहते. चेहऱ्याचं वाचनही अधू राहू शकतं. जन्मानंतर दोन ते सहा महिने मोतीबिंदूमुळे चित्र न मिळालेल्या मुलांची पुढे, नऊहून अधिक वर्षं दिसू लागल्यावर तपासणी झाली. चेहऱ्यातल्या अवयवांमधली अंतरं ओळखण्यात ती तरीही मागं होती. हा अभ्यास २००१ चा आहे. शिवाय पांढरी बाहुली हे डोळ्याच्या कर्करोगाचंही लक्षण असतं, त्यात तर एक आठवडाही घालवता येत नाही.

गृहभेटीत अंधाऱ्या खोलीत, टॉर्च आपल्या डोळ्यालगत धरून हातभर लांबून दाखवा. दोन्ही बाहुल्यांतून लालसर चमक सारखी दिसायला हवी. मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एकच डोळा पांढरा चमकला तरी तपासणीला पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू येतो. त्या पथकाला कळवा, किंवा थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या.

गावात उशिरा सापडलेलं आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर त्यालाही सोडू नका. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर उपचार करणाऱ्या, पवन सिन्हा यांच्या प्रकाश प्रकल्पात आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना ऑपरेशननंतर, हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी लगेच ओळखता आली नाही. पण काही दिवसांत ते जमू लागलं.

ऑपरेशनवर काम संपत नाही. बाळाला चष्मा किंवा लेन्स लागते, आणि एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी लावावी लागते. बाळ रडतं म्हणून घरात हीच पट्टी आधी सुटते, तेव्हा भेटीगणिक पट्टीचे तास विचारून वहीत लिहा.