आजीचा मोतीबिंदू आणि लेकीची पीएच.डी.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटच्या तयारीचे दिवस, आणि ही म्हणते, मला माणूस कसा पाहतो आणि कॉम्प्युटर कसा पाहतो यावर पीएच.डी. करायची आहे. या विषयात पीएच.डी. करणाऱ्या एका संशोधकाचं शिक्षण तिने मला दाखवलं. बी.एस्सी. मानसशास्त्रात, एम.एस्सी. आर्टिफिशियल इंटेलिजन्समध्ये! इंजिनिअर होऊन मानसशास्त्राकडे वळायचं म्हणजे मागे जाणंच नाही का? खर्च किती येईल? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून हे खूळ वाढलंय. पट्टी काढल्यावर त्या म्हणाल्या, "ही साडी निळी कधी झाली गं?" तेव्हापासून घरी आली की ही वही घेऊन त्यांच्याजवळ बसते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.
– एक आई, बार्शी

उत्तर :

ताई, 'खूळ' हा शब्द सोडला तर तुमची काळजी रास्त आहे. खर्चाचं आधी सांगते, कारण ते चार ओळींत संपतं. पीएच.डी.साठी कर्ज काढायचं नसतं. भारतात जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोशिपच्या) दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत या विषयाच्या पीएच.डी.ला सहसा फी माफ असते, वर विद्यावेतन मिळतं. जर्मनीत तर ती बऱ्याचदा पगारी नोकरीच असते, फक्त तिथे आधी सहसा मास्टर्स लागते. कर्जाचा प्रश्न येतो तो परदेशातल्या मास्टर्सला. तेव्हा पीएच.डी.च्या नावाखाली कोणी लाखांचं 'पॅकेज' सांगायला लागलं, तर चहा पिऊन उठा.

आता मागे जाण्याविषयी. तुम्हाला त्या संशोधकाच्या पदव्या विजोड वाटल्या. मला त्या अगदी नेहमीच्या वाटल्या, कारण या विषयात सरळ रस्त्याने आलेली माणसं मुळात कमीच. डेव्हिड ह्यूबेल घ्या. कॅनडात मॅकगिलला गणित-भौतिकशास्त्र शिकले, मग तिथेच डॉक्टर झाले. १९५८च्या सुमारास ते आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड घालून, डोळ्यांसमोर ठिपके दाखवत बसायचे. पेशी ढिम्म. एकदा स्लाइड सरकवताना काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावरून गेली आणि ती पेशी स्पीकरवर तडतडायला लागली. तिला ठिपका नको होता, ठरावीक दिशेला तिरकी असलेली रेघ हवी होती. या कामाला १९८१चं नोबेल मिळालं. जपानचे संशोधक कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८०मध्ये त्याच पेशींच्या रचनेवरून आकृत्या ओळखणारा 'निओकॉग्निट्रॉन' बांधला. तुमची लेक आज लॅपटॉपवर चित्रं ओळखणारी जी कन्व्होल्यूशनल नेटवर्क चालवत असेल, त्यांचा हा आजोबा.

आजच्या एआयचे एक प्रणेते जेफ्री हिंटन यांची पहिली पदवी मानसशास्त्राची, केंब्रिजची, १९७०ची. मध्ये काही काळ सुतारकाम केलं, मग एडिंबरोला एआयमध्ये पीएच.डी. आणि २०२४चं नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं! कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवणाऱ्या फेइ-फेइ ली मूळच्या भौतिकशास्त्राच्या. डेव्हिड मार गणिताचे. त्यांनी पीएच.डी. मेंदूच्या अभ्यासात केली, नंतर एमआयटीच्या एआय लॅबमध्ये गेले आणि ३५व्या वर्षी वारले. तेवढ्या वेळात त्यांनी दोन्ही बाजूंना एक भाषा दिली. डोळा असो की यंत्र, आधी विचारा की त्याला सोडवायचंय काय. मग कोणत्या रीतीने सोडवतं ते, आणि शेवटी ती रीत पेशींत बसवलीय की चिपमध्ये.

पण तुमच्या घराशी जुळणारं उदाहरण पवन सिन्हा यांचं. आयआयटी दिल्लीत कॉम्प्युटर सायन्स, एमआयटीत पुढचं शिक्षण, आणि आज तिथेच मेंदू-विज्ञान विभागात प्राध्यापक. त्यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये भारतातल्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया होतात, बऱ्याच जणांच्या मोतीबिंदूच्या, आणि नंतर ती मुलं पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास होतो. हाताने चाचपलेली वस्तू दृष्टी आल्याबरोबर डोळ्यांनी ओळखता येईल का, हा १६८८पासूनचा प्रश्न. २०११मध्ये या गटाने दाखवलं की लगेच नाही येत, पण थोड्या दिवसांत येऊ लागते. कॉम्प्युटरचा माणूस दवाखान्यात का बसतो याचं उत्तर यात आहे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी भौतिकशास्त्राचा एक मुलगा हाच विषय घेऊन माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हटलं, आधी 'धड' डिग्री घे. त्याने मुकाट्याने एमसीए केलं, नोकरी धरली, आणि सहा वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसला, तोच प्रश्न घेऊन. तेव्हापासून 'धड डिग्री' हे शब्द मी वापरत नाही.

म्हणून लेकीने मानसशास्त्राची नवी पदवी घ्यावी का? अजिबात नको. एक बाजू पक्की आणि दुसरी कमावलेली, असं असलं की पुरे. तिची पक्की बाजू इंजिनिअरिंग. ती खरंच पक्की आहे का ते मात्र बघा. गणिताचा एम-थ्री पेपर नुसता निघाला की कळला, हे तिला खासगीत विचारा. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी कच्ची असेल, तर बाकी सगळं वरवरचं.

दुसरी बाजू, म्हणजे माणसांवरचे प्रयोग, कशी असते ते सांगते. एका चित्रात आकार मांजराचा, पण अंगावर केसांऐवजी हत्तीची सुरकुतलेली कातडी. तुम्ही-आम्ही म्हणू मांजर. लाखो फोटोंवर तयार झालेलं नेटवर्क म्हणतं हत्ती. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या गटाचं हे काम २०१९चं. नेटवर्क चालवणं इंजिनिअरिंगच्या मुलांना जमतं. अवघड असतं ते माणसांचं. कोणाला बसवायचं, चित्र किती मिलिसेकंद दाखवायचं, कंटाळून कोणी तेच बटण दाबत राहिलं तर ते ओळखायचं कसं, आणि आकड्यांतून काय म्हणता येतं, काय नाही. हनुवटी टेकवून अंधाऱ्या खोलीत हजार वेळा बटण दाबणं, यातही तिचे दिवस जाणार आहेत. ते आवडतं का, हे पीएच.डी.ला नाव घालण्याआधीच कळायला हवं.

म्हणून बी.ई.चा प्रोजेक्ट याच विषयावर घ्यायला सांगा. चाळीस फोटो, प्रत्येकाची कमी-जास्त धूसर केलेली रूपं, वीस माणसं आणि एक नेटवर्क. कोण कुठे चुकतं ते मांडायचं. माणसांना चित्रं दाखवून उत्तरं नोंदवायला सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कॉलेजच्या गाइडनी 'यात ॲप कुठंय?' असं विचारलं, तर तिने खचू नये, तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. शिवाय देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, तिला अर्ज करावा. एखाद्या चांगल्या लॅबमध्ये दोन महिने काढले, की शिफारसपत्र लिहिणारं माणूसही मिळतं.

पुढे गेट ही प्रवेशपरीक्षा द्यावी. कॉम्प्युटर सायन्सचा पेपर आहेच, २०२४पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. बंगळुरूच्या आयआयएससीत न्यूरोसायन्सचं केंद्र आहे, आयआयटी कानपूरला कॉग्निटिव्ह सायन्सचा विभाग, हैदराबादच्या ट्रिपल आयटीत दोन्ही बाजूंचं काम चालतं. संस्थेच्या नावापेक्षा गाइड बघा. त्यांच्या आत्ताच्या दोन विद्यार्थ्यांना फोन करून विचारा की सर-मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात. पाच-सहा वर्षं त्याच माणसाबरोबर काढायची असतात. स्थळाची चौकशी करतो तशी करा, ताई, लाजू नका.

प्लेसमेंटला तिला बसू द्या. दोन वर्षं नोकरी करून पीएच.डी.ला गेलेली मुलं पैशाने आणि मनाने जास्त स्थिर असतात, असा माझा अनुभव. फक्त त्या दोन वर्षांत फ्लॅट बुक करू नका. हप्ता सुरू झाला की अर्ज भरायला रविवार उरत नाही.

आणि सासूबाईंच्या साडीचं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश अडवतं. ते इतकं सावकाश होतं की मेंदू जुळवून घेतो, माणसाला पत्ताच लागत नाही. भिंग बदललं की एकदम सगळं निळसर वाटतं, आणि काही आठवड्या-महिन्यांत पांढरं पुन्हा पांढरं दिसायला लागतं. सध्या त्यांचा एक डोळा नवा आहे, एक जुना. डॉक्टरांची हरकत नसेल तर लेकीला सांगा, आजीला कोरा कागद दाखवून आळीपाळीने एकेक डोळा झाकायला लावायचा आणि काय फरक दिसतो ते आजीच्याच शब्दांत, तारखेसकट वहीत उतरवायचं. दर आठवड्याला एकदा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं की ही तुलना करता येणार नाही, तेव्हा या रविवारी तिला घरी बोलावून घ्या.