अकराचा ठोका आणि दसऱ्याची तारीख

प्रश्न : ३० जानेवारीला शाळेत दोन मिनिटं मौन असतं, पण दरवर्षी मध्येच घंटा होते किंवा मुलं हसतात. वेळ अकराचीच का, आणि मौन नीट कसं पाळावं? (एक शिक्षिका, महाल, नागपूर)

उत्तर : गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या संध्याकाळी पाचनंतर, म्हणजे अकराची वेळ त्या घटनेची नाही. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता थांबलं. पुढच्या वर्षी त्याच ठोक्याला ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटं मौन पाळलं गेलं आणि ही रीत रुळली.

आपल्याकडची सरकारी सूचना अशी : १०.५९ ते ११ भोंगा, मग दोन मिनिटं मौन, ११.०२ ते ११.०३ पुन्हा भोंगा. भोंगा नसेल तर घंटा चालते, फक्त तिचे टोल तासाच्या टोलांपेक्षा वेगळे ठेवा.

मौन बिघडतं ते बहुतेकदा आधीच्या भाषणामुळे. भाषण लांबतं, अकरा उलटतात, मग सगळं घाईनं उरकलं जातं. हार, भजन, भाषण १०.५० पर्यंत संपवा. १०.५५ ला मुलांना उभं करून मौन कोणासाठी आणि किती वेळ, ते दोन वाक्यांत सांगा. लहान मुलं चुळबुळतात, हसतात, कारण हे कधी संपणार ते त्यांना ठाऊक नसतं. ‘दुसरी घंटा होईपर्यंत’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. तासाची घंटा आपोआप वाजत असेल तर ती बंद करा. माइकही बंद हवा, नाहीतर शांततेत त्याचीच घरघर ऐकू येते. मोबाइलशी जुळवलेलं घड्याळ एकाच व्यक्तीच्या हाती द्या. अंदाजानं मोजलं तर मौन मिनिटभरातच आटोपतं. शेवटी टाळ्या, घोषणा नकोत.

२०२७ मध्ये हा दिवस शनिवारी येतो. सकाळची शाळा अकराच्या आत सुटत असेल तर मुलांना थोडं थांबवा. साडेदहाला मौन उरकणं आम्हाला पटत नाही. सगळ्यांनी एकाच मिनिटाला थांबायचं, म्हणून तर ही वेळ ठरवली आहे.

प्रश्न : पुण्याचे नातेवाईक दीक्षाभूमीला येणार आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिन १४ ऑक्टोबरला धरावा की दसऱ्याला? (एक वाचक, इंदोरा, नागपूर)

उत्तर : १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमीच होती, तोच दिवस निवडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. तिथी मात्र दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे येते आणि अधिक महिना आला की पुढे जाते. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्याच दिवशी आला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं तो २० ऑक्टोबरला आहे. १४ ऑक्टोबरलाही लोक अभिवादनाला येतात, पण मुख्य सोहळा दसऱ्याचा, म्हणून तिकिटं त्या हिशेबानं काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १८ किंवा १९ ऑक्टोबरच्या गाडीसाठी १९-२० ऑगस्टलाच बसा.