कपहेडमधल्या दोन बॉक्सर बेडकांना हरवायचं कसं?

तुम्ही विचारलंय, की कपहेड या व्हिडिओ गेममध्ये पहिल्या बेटावरच्या रिबी आणि क्रोक्स या बेडकांपाशी तुमची गाडी अडली आहे, धाकट्या भावाबरोबर खेळताय, आणि दोघांची बोटं तेवढी वेगानं चालत नाहीत म्हणून हरताय का.

बोटांचा दोष नाही. या लढतीत तुमची नजर कुठे असते, त्यावर जवळजवळ सगळं ठरतं. नवे खेळाडू आपल्या कपाकडे, म्हणजे डोक्याच्या जागी कप असलेल्या आपल्या पात्राकडे बघतात, नाहीतर अंगावर येणाऱ्या गोळ्यांकडे. बघायचं असतं बेडकांच्या अंगाकडे. चांगला बॅट्समन बॉल टप्पा पडल्यावर शोधत नाही, तो बॉलरच्या हाताकडे बघत असतो, तसंच.

याचं कारण खेळ ज्या पद्धतीनं बनलाय त्यातच आहे. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या भावांच्या स्टुडिओ एमडीएचआरनं 2017 साली कपहेड आणला. त्यातली पात्रं 1930 च्या दशकातल्या कार्टूनसारखी कागदावर हातानं काढली, शाईनं गिरवली आणि मग कॉम्प्युटरवर रंगवली. त्या काळच्या ॲनिमेटरांचा शिरस्ताच होता, की पात्र काहीही करायच्या आधी त्याची तयारी दिसली पाहिजे. उडी मारायची तर आधी गुडघे वाकतील, ठोसा मारायचा तर आधी हात मागे जाईल. कपहेडमधला जवळजवळ प्रत्येक बॉस, म्हणजे हरवायचा मोठा शत्रू, हा नियम पाळतो. पात्रांची चित्रं सेकंदाला 24 च्या गतीनं बदलतात, पण खेळ 60 फ्रेम्सनं चालतो. म्हणजे समोरच्याची तयारी जुन्या कार्टूनच्या सावकाश लयीत दिसते आणि तुमचा कप मात्र बटण दाबताक्षणी हलतो. हा वेळ तुमच्या बाजूचा आहे, तो वापरायला शिका.

आता प्रत्यक्ष लढत. सुरुवातीला दोघंही उजवीकडे उभे असतात, पुढे बुटका रिबी आणि मागे उंच क्रोक्स. रिबी दोन्ही मुठी गरागरा फिरवायला लागला की समजा, पेटत्या ठोशांची माळ येणार. ठोसे वेगवेगळ्या उंचीवरून येतात. वरच्याला खाली बसायचं, खालच्यावरून उडी मारायची. तेवढ्यात मागे हटत राहू नका, पडद्याच्या टोकाला गेलात की उडी मारायला जागा उरत नाही. क्रोक्स तोंडातून काजवे सोडतो. ते एका दमात येत नाहीत, थांबत थांबत तुमच्या रोखानं सरकतात, आणि गोळीनं मरतात. काजवे दिसले की बेडकांना थोडा वेळ विसरा आणि आधी ते साफ करा. चेझर हे हत्यार घेतलं असेल तर हे काम आपोआप होतं. दुसरं हत्यार म्हणून मी स्प्रेड घेईन. त्याचा पल्ला कमी आहे, पण जवळून मारा जबरदस्त बसतो.

दुसरा टप्पा सुरू होताना रिबी गोळा होऊन डावीकडे लोळत जातो, त्याच्यावरून उडी मारायची. मग तुम्ही दोघांच्या मध्ये सापडता. क्रोक्स स्वतःच गरगर फिरून पंखा होतो आणि त्याचा वारा तुम्हाला रिबीकडे ढकलतो. रिबी टाळ्या वाजवून विजेचे गोळे सोडतो, ते जमीन आणि छत यांच्यात तिरके आपटत येतात. इथे बरेच जण वाऱ्याशी भांडत पार क्रोक्सला जाऊन चिकटतात. तसं करू नका. उजवीकडचं बटण दाबून ठेवून साधारण मध्यावर राहा. गोळा वर गेला की त्याच्या खालून निघायचं, खाली आला की वरून. दोघांचं आयुष्य एकच आहे, त्यामुळे गोळी कोणालाही लागली तरी हिशेब तोच.

तिसरा टप्पा मला सगळ्यात आवडतो. क्रोक्स रिबीला गिळतो आणि त्याचं जुगाराचं यंत्र होतं. यंत्र तुमच्यावर नेम धरून नाणी फेकतं, म्हणून एका जागी उभं राहायचं नाही. या वेळी गोळ्या मारून उपयोग नसतो, कारण यंत्र बंद असतं. यंत्राचा गुलाबी दांडा खाली येईपर्यंत फक्त जगायचं. दांडा आला की उडी मारायची आणि हवेत असतानाच पुन्हा उडीचं बटण दाबून त्याला टोला द्यायचा. यालाच पॅरी म्हणतात. ही कल्पना मारामारीच्या खेळांच्या घराण्यातून आली आहे, स्ट्रीट फायटरच्या तिसऱ्या भागात ती फार गाजली. समोरून येणारा वार टाळायचा नाही, त्यालाच जाऊन भिडायचं. बॉक्सरांच्या लढतीचा शेवट या एका टोल्यावर यावा, हे मला फार सुंदर वाटतं.

टोला बसला की यंत्राची चक्रं फिरतात आणि साप, वाघ किंवा रानबैल यांपैकी एकाचं चित्र येतं. तेव्हाच यंत्राचं पोट उघडतं आणि तुमच्या गोळ्या लागू होतात. सापाच्या वेळी यंत्रातून बुटक्या फळ्या झपाझप येतात, त्यांच्यावरून उड्या मारत राहा. वाघाच्या फळ्यांवर चेंडू वरखाली होत असतो, तो वर असताना पुढे सरका. रानबैलाच्या फळ्यांमधून जाळ निघतो. जाळ वर असेल तर फळीखालून जा, खाली असेल तर वर चढा. साठवलेले ईएक्स, म्हणजे जास्त जोराचे खास वार याच वेळी वापरा, आधी उधळू नका.

हरल्यावर जी रेघ दिसते ती बघत जा. शेवटापासून किती लांब होतात ते तिथे कळतं आणि कोणत्या टप्प्याचा सराव हवा तेही. सोप्या पातळीवर जिंकलात तर हरवलेल्या बॉसच्या आत्म्याचा करार मिळत नाही, आणि सगळे करार हातात नसले की पुढे सैतानाचा हस्तक किंग डाइस वाट अडवतो. तेव्हा ही लढत आताच नेहमीच्या पातळीवर मारलेली बरी.

दोघं खेळताय तर कामं वाटून घ्या. दांड्याला टोला एकानंच द्यायचा, हे आधी ठरवा, नाहीतर दोघंही एकदम उडी मारता आणि नाण्यांत सापडता. एक जण मेला तर त्याचा आत्मा वर तरंगत जातो, त्याला पॅरी केलं की तो परत येतो. धाकट्याला हे काम आवडेल, पण काजवे किंवा गोळे अंगावर असताना धावू नको, एवढं त्याला सांगून ठेवा.