कूलरच्या खोलीतला थकवा

"मॅडम, दुसरी कीमो झाल्यापासून आई दिवसभर पडूनच राहते. आम्ही तिला घरात कशाला हात लावू देत नाही, तरी थकवा वाढतच चालला. डॉक्टर म्हणतात, चालायला लावा. जिला उठून बसवत नाही तिला चालायला कसं लावायचं? आणि तेही या उन्हात?"

नागपूरचा पारा 44-45 वर गेला की कॅन्सरच्या रुग्णांच्या घरून हा प्रश्न वरचेवर येतो. इथे तो नंदनवनकडच्या एका कुटुंबाच्या निमित्ताने घेतला आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांचे तपशील एकत्र केले आहेत. काकू 52 वर्षांच्या. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठीही काढलेल्या. दर 21 दिवसांनी लाल रंगाच्या औषधाची कीमो, अशा चार, आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हे कीमोचं दुसरं औषध सुरू व्हायचं होतं.

थकवा म्हटला की आधी फाईल उघडायची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम, दुखणं, पोटात किती जातं, मन किती खचलं आहे. यातलं काही सापडलं तर त्यावर उपचार आधी. काकूंचं हिमोग्लोबिन दहाच्या जरा खाली होतं, बाकी रिपोर्ट ठीक होते, आणि डॉक्टरांनी हालचालीला परवानगी दिलेली होती. म्हणून आम्ही त्यांना कालचा अख्खा दिवस सांगायला सांगितला, डोळे उघडल्यापासून.

सहाला जाग. सून म्हणते, "पडा अजून", म्हणून नऊपर्यंत पलंगावर. चहा तिथेच. अकरा ते चार डुलक्या. संध्याकाळी मालिका. दहाला दिवा बंद, एकला जाग, मग तीन-साडेतीनपर्यंत मोबाइल. "रात्री डोळा लागत नाही जी, अन् दिवसा उघडत नाही. उठली का पाय लटलट कापतात."

मग खोलीबद्दल विचारलं. ही मधली खोली. एकुलत्या एका खिडकीत कूलर बसवलेला, त्याच्या भोवतीच्या फटी प्लायवुडने बुजवलेल्या. दाराला जाड पडदा. पोर्चवर हिरवी नेट. डोळ्यांना शांत वाटावं म्हणून ट्यूबलाइटही बंद. उन्हाळ्यात नागपुरातली निम्मी घरं अशीच असतात, त्यात चूक कुणाचीच नाही. पण बाकीची माणसं दिवसातून चार वेळा बाहेर पडतात. काकू फक्त दवाखान्यात जाताना. सुनेने मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं एकक, मोजायचं ॲप घेतलं. दुपारी उशीजवळ आकडा तीसच्या आसपास आला. त्याच वेळी पोर्चमध्ये, नेटच्या सावलीत, चार हजारांच्या वर. मोबाइलचं माप ढोबळ असतं, तरी एवढा फरक दाखवायला पुरेसं आहे.

दवाखान्यात "उन्हात जाऊ नका" असं सांगितलं होतं, आणि ते बरोबरच आहे. कीमोत शरीरातलं पाणी लवकर कमी होतं, त्वचा नाजूक होते, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, तर धडधाकट माणसालाही आडवं करतो. पण टाळायच्या गोष्टी दोन: उष्णता आणि अतिनील किरण. या घरात त्यांच्यासोबत दिवसाचा उजेडही बंद झाला होता, आणि त्याचा भुर्दंड काकू रात्री भरत होत्या.

आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम वस्तू दाखवणं नसून मेंदूला "दिवस झाला" हे कळवणं असतं. त्या जोरकस उजेडालाच नीट प्रतिसाद देतात. ट्यूबलाइटच्या खोलीत 150 ते 300 लक्स असतात. उघड्या आकाशाखाली, सावलीतसुद्धा, ऊन वर आलं की काही हजार. सकाळी तो उजेड मिळाला की रात्री झोपेचं संप्रेरक वेळेवर वाढतं आणि दिवसा तरतरी टिकते. सकाळही अंधारी आणि रात्री तोंडासमोर मोबाइल, अशा स्थितीत दिवस-रात्रीची सीमाच पुसली जाते. कीमोमुळे ही लय आधीच डळमळीत झालेली असते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या सान दिएगोच्या एका अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरच्या 39 स्त्रियांना कीमोच्या काळात रोज सकाळी अर्धा तास दिव्यासमोर बसवलं होतं. काहींसमोर प्रखर पांढरा दिवा, काहींसमोर मंद लाल. मंद लाल दिव्याच्या गटात थकवा वाढला, प्रखर उजेडाच्या गटात तो वाढला नाही. अभ्यास लहान आहे, पण पोर्चमध्ये खुर्ची टाकायला तेवढा आधार पुरतो. आणि आपल्याकडे तो दिवा विकत घ्यायची गरजही नाही.

आता हालचालीचं. पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू भराभर उतरतात, आणि कीमोसोबत मिळणारं स्टेरॉइडही नेमकं तिथेच घाव घालतं. मग बाथरूमपर्यंत जाण्यासारखं साधं कामही जड होतं, धाप लागते, म्हणून माणूस पुन्हा पडतो. हा थकवा विश्रांतीने भरून निघत नाही. त्याच्यावर ज्या उपायाचा सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो व्यायामच: मध्यम दमाचं चालणं किंवा सायकल, 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा, आणि दोनदा स्नायूंना ताण देणारे व्यायाम, निदान 12 आठवडे. काकूंना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला असता तर त्या परत आल्या नसत्या, म्हणून तो मुलाला सांगितला आणि त्यांना फक्त पाच मिनिटं.

उठायची वेळ सहाच, पण उठल्यावर पडून राहायचं नाही. सव्वासहाला पोर्चमध्ये खुर्ची, तोंड आकाशाकडे, चहा तिथेच. अर्धा तास. सूर्याकडे बघायचं नाही, गॉगल लावायचा नाही. नंबरचा चष्मा चालतो. मे महिन्यात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे सव्वासहाला उजेड भरपूर असतो आणि ऊन अजून कोवळं असतं. साडेसातनंतर मात्र आत. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदयच पावणेसातच्या पुढे जातो, तेव्हा सव्वासात ते आठ. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. तेव्हा पोर्च चांगला, शेवाळलेली गच्ची नको. फ्लॅट असेल तर खिडकीची काच उघडून अगदी खिडकीपाशी बसावं, कारण दोन पावलं आत आलं की उजेड झपाट्याने उतरतो.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. सकाळचा हा उजेड ड जीवनसत्त्वासाठी नाही. ते ज्या किरणांनी तयार होतं ते उन्हं चढल्यावर येतात, आणि त्या वेळी कीमोच्या रुग्णाने उन्हात बसू नये. रक्त तपासून, डॉक्टर सांगतील ती मात्रा घ्यावी.

चहानंतर पोर्चमध्ये पाच मिनिटं फेऱ्या, सूर्य मावळल्यावर आणखी पाच. दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. एक दिवसाआड जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून, जमल्यास हात न टेकता, पाच वेळा उठायचं-बसायचं, मिनिटभर थांबून पुन्हा पाच वेळा. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी. प्लास्टिकची नको, ती सरकते. त्यानंतर स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, आठ-दहा वेळा. ऑपरेशनच्या बाजूच्या हातासाठी सर्जनने दाखवलेला भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम त्यांनी सोडून दिला होता, तो पुन्हा सुरू केला.

कीमोनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांसाठी वेगळा हिशोब. तेव्हा वाढवायचं काही नाही, पण शून्यावरही यायचं नाही: पोर्चमधला उजेड आणि तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. सातव्या ते चौदाव्या दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, म्हणून तेव्हा घराच्या आवारातच. बाग, बाजार, लग्न काही नाही, बाहेरचा उसाचा रसही नाही. तिसरा आठवडा मोकळा.

घोळ झाला तो याच मोकळ्या आठवड्यात. काकूंना बरं वाटलं आणि त्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात गेल्या. तासभर पायी, परतताना भाजीची पिशवी ऑपरेशनच्या बाजूच्या हातात. पुढचे दोन दिवस त्या उठल्या नाहीत आणि मुलाचा फोन आला: "बघा, चालल्यानेच झालं." खरं तर ते एकदम बारा मिनिटांवरून साठवर गेल्यामुळे झालं होतं. बऱ्या दिवशी जास्तीचं करणं आणि मग दोन दिवस आडवं पडणं, हा या रुग्णांचा सगळ्यात नेहमीचा सापळा आहे. त्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज सकाळी थकव्याला शून्य ते दहा गुण लिहायला सांगितले. आजचा आकडा कालपेक्षा दोनने वाढला तर मिनिटं निम्मी करायची. बंद करायची नाहीत.

पिशवीबद्दलही सांगायला हवं. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताने आयुष्यभर काहीच उचलू नये, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने हाताची सूज वाढली नाही. धोका सवय नसलेल्या हातावर एकाएकी पडणाऱ्या भाराचा असतो. सर्जनची परवानगी घेऊन अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, म्हणजे अर्धा किलो, इथून सुरुवात. हात जड वाटला किंवा बांगडी घट्ट झाली तर थांबून दाखवायचं.

रात्रीसाठी बदल थोडेच. दुपारची झोप तीनच्या आत आणि गजर लावून अर्धा तास. नऊनंतर घरातले दिवे मंद, मोबाइल सुनेच्या खोलीत. काकू डेक्सामेथासोनची, म्हणजे कीमोसोबतच्या त्या स्टेरॉइडची, दिवसातली दुसरी गोळी रात्रीच्या जेवणानंतर घेत होत्या. हे औषध झोप उडवतं. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारलं. त्यांनी ती गोळी दुपारी घ्यायला सांगितली. आपल्या मनाने मात्र ही गोळी पुढे-मागे करू नये आणि बंद तर मुळीच करू नये.

काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर व्यायाम नाही, पॅरासिटामॉल देऊन वाट पाहणं नाही. त्याच क्षणी दवाखाना, रात्र असली तरी. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, चक्कर, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, हाडात नवं दुखणं, कुठूनही रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर तसंच. प्लेटलेट 50,000 च्या खाली असतील तर वजन उचलायचं नाही. 20,000 च्या खाली असतील तर डॉक्टर म्हणतील तेवढीच हालचाल. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर आधी विचारायचं. रोग हाडात, विशेषतः मणक्यात, पोचला असेल तर वाकणं, पिळणं आणि वजन उचलणं फिजिओथेरपिस्टने पाहिल्याशिवाय नाही.

औषधांप्रमाणेही सल्ला बदलतो. फाइव्ह-एफयू, कॅपेसिटाबिन, मेथोट्रेक्सेट ही कॅन्सरची औषधं आणि डॉक्सिसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक्स त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. तेव्हा सकाळच्या उजेडातही पूर्ण बाह्यांचे सुती कपडे हवेत. रेडिएशनची जागा सैल सुती कापडाने झाकलेली हवी, तीही नंतर कित्येक महिने. कॅपेसिटाबिनने तळपाय लाल होऊन चुरचुरत असतील तर लांब चालणं त्रास वाढवतं; त्या दिवसांत खुर्चीत बसून व्यायाम.

काकूंना पुढे पॅक्लिटॅक्सेल सुरू झाल्यावर बोटांना मुंग्या आल्या. घसरती स्लीपर बंद झाली, मागून बंद असलेले रबरी तळव्याचे बूट आले, आणि फेऱ्या कठड्याच्या बाजूने. तोवर त्या एका दमात वीस मिनिटं चालत होत्या. थकव्याचे गुण सातवरून चारवर आले होते. मधल्या रात्रीची जाग अजून होती, पण तासाभरात पुन्हा डोळा लागायचा.

मुलाचा शेवटचा प्रश्न होता, कीमो संपली की हे बंद केलं तर चालेल का. 2025 साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण, ऑपरेशन आणि कीमो झालेले. त्यातल्या एका गटाला तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला. पाच वर्षांनंतर रोग न उलटता जगणारे या गटात 80.3 टक्के होते, फक्त माहितीपत्रक दिलेल्या गटात 73.9 टक्के. हा आकडा स्तनाच्या कॅन्सरला लावता येत नाही, आणि व्यायाम कीमोच्या जागीही येत नाही. पण तो तीन वर्षं चालू ठेवावा असा उपचार आहे, एवढं त्यातून कळतं. म्हणून कीमो संपल्यावर महिन्याभरात 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा, आणि पांढऱ्या पेशी सावरल्या की पोर्चऐवजी घराजवळची बाग, हे आम्ही तेव्हाच ठरवलं. कालनिर्णयची ती पानं मुलाने तपासणीच्या दिवशी फाईलसोबत आणायची आहेत. कोणत्या दिवशी थकवा का वाढला हे डॉक्टरांना रिपोर्टमध्ये दिसत नाही, त्या पानांवर दिसतं.